बाईंचं लोखंडी कपाट

उमाबाईंच्या घरात नवी वस्तू लगेच वापरात येत नसे. तिला आधी कपाटात मुरावं लागे. सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत स्टीलचा एक डिनर सेट सव्वीस वर्षं खोक्यात होता. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी रबर लावून घट्ट बसवलेली होती. महापुराच्या वर्षी पाणी दारात आलं तेव्हा त्यांनी आधी डिनर सेटचं खोकं डोक्यावर घेऊन वरच्या बिऱ्हाडात पोचवलं, आणि नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या खालीच राहिल्या. नारायणराव अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्याकडे माणूस वाहून गेला तरी चालेल, चमचा जाता कामा नये."

उमाबाईंना यात हसण्यासारखं काही दिसत नसे. वापरलं की वस्तू जाते, ठेवली की राहते, इतका साधा हिशेब माणसांना का कळू नये, याचं त्यांना नवल वाटे.

खरं तर लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अशा नव्हत्या. नोकरीच्या नवव्या वर्षी जतकडच्या एका शाळेत त्या एकट्या शिक्षिका होत्या, आणि तिथला टीव्ही चोरीला गेला. मुलांना कार्यक्रम दाखवावेत म्हणून त्यांनीच तो बंद खोलीतून काढून वर्गात मांडला होता. खिडकीचा गज वाकवून कुणीतरी नेला. पुढची तीन वर्षं पंचनामा, खुलासा, चौकशी, परत खुलासा. एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुम्हाला बाहेर काढायला सांगितलं कुणी?" वेतनवाढ रोखली गेली, ती पुढे मिळाली, पण तालुक्याच्या बैठकीत त्या आत शिरल्या की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "टीव्हीवाल्या बाई आल्या." हे मात्र पुसलं गेलं नाही. तेव्हापासून त्यांनी शाळेत काही बाहेर काढलं नाही.

आता त्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या जोगमळ्याच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा, पोरं तेवीस. सांगलीहून एसटीनं कवठ्याला, तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून माळावरच्या फाट्यापर्यंत, आणि पुढं अर्धा मैल पायी. असं त्यांनी चौदा वर्षं केलं. दुसऱ्या शिक्षिका दीपमाला, तासगावची, वय चौतीस, नवरा फौजेत, पदरात चार वर्षांची मुलगी. गावातली माणसं उमाबाईंना 'बाई' म्हणत आणि दीपमालाला 'मॅडम'. तेवढ्यावरून गावाला दोघींतला फरक कळत होता.

तीन वर्षांमागं एका संस्थेनं शाळेला वीस लॅपटॉप दिले. पाटीपेक्षा थोडे मोठे, करड्या रंगाचे, कडेला नारिंगी रबराची पट्टी. पडला तरी फुटू नये, धूळ गेली तरी चालावा, गरिबाच्या पोराला परवडावा अशा बेतानं बनवलेला. सोबत वरद नावाचा सांगलीचाच एक मुलगा आला होता, नुकताच इंजिनीअर झालेला. त्यानं दोन दिवस राहून सगळे लॅपटॉप चालू करून दिले.

"बाई, यातलं सॉफ्टवेअर मोफत आहे," तो म्हणाला. "नुसतं मोफत नाही, खुलं आहे. कुणीही उघडून आत बघावं, आपल्याला हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं."

"मालक कोण याचा?"

"कुणीच नाही. म्हणजे सगळेच."

"मग बिघडलं तर जबाबदार कोण?"

वरद जरासा गोंधळला. "बिघडलं तर… सगळे मिळून दुरुस्त करतात."

उमाबाईंनी मान हलवली. मनात म्हणाल्या, सगळे मिळून दुरुस्त करतात. पण सही मात्र एकटीची असते.

त्या सहीचं ठिकाण म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. शाळेतल्या घंटेपासून नकाशापर्यंत प्रत्येक वस्तू त्यात लिहिलेली असते, आणि मुख्याध्यापक बदलला किंवा निवृत्त झाला की एकेक वस्तू मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यावी लागते. एक नग कमी भरला की ताबा दिल्याचा कागद अडतो, आणि त्यामागं पेन्शनही. उमाबाईंनी त्याच दुपारी रजिस्टरात नोंद केली. लॅपटॉप, नग वीस, बॅटरी व चार्जरसह. मग घरून आणलेल्या जुन्या सुती साडीचे वीस तुकडे फाडले, एकेका लॅपटॉपला बाळासारखं गुंडाळलं, लोखंडी कपाटात रचलं, कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाकल्या आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

घरी नारायणराव विचारत, "काय म्हणतायत तुझी वीस बाळं? झोपलीत?"

"झोपलीत," उमाबाई म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

संस्थेचं पत्र असं होतं की लॅपटॉप मुलांनी घरी न्यावेत, आईबापांनाही दाखवावेत. ते पत्र उमाबाईंनी फायलीला लावलं. दीपमालानं दोन महिने भांडून शनिवारचा एक तास मिळवला.

"बाई, साडेदहा ते साडेअकरा. मी स्वतः मोजून देते, मोजून घेते."

"मोजायला मी असेनच," उमाबाई म्हणाल्या.

दर शनिवारी उमाबाई दाराजवळ खुर्ची टाकून बसत. कुणाच्या हाताला तेल आहे, कुणाचं नाक वाहतंय, याच्यावर नजर. मुलं पडद्यावर काय करतात हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नाही. दीपमाला मात्र पोरांच्यात मांडी घालून बसायची. त्यातल्या एका खेळात एक कासव होतं. त्याला हुकूम द्यायचे, पुढे जा, मागे ये, उजवीकडे वळ, आणि ते जाईल तिथं रेघ उमटायची. आधी त्या कासवाला तिथं 'कूर्म' म्हटलेलं होतं. पोरांना कळेना. दीपमालानं त्याचं मराठी करणाऱ्या मंडळींना फोनवरून लिहिलं, की आमच्याकडं ह्याला कासव म्हणतात. पंधरा दिवसांनी वरदनं नवं सॉफ्टवेअर घातलं, त्यात 'कासव' आलं होतं. दीपमाला त्या दिवशी शाळाभर सांगत सुटली, "अरे, आपण सांगितलं आणि बदललं की रे त्यांनी!" आपण सांगितलं आणि बदललं, असं तिच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं होतं.

शाळेत खिचडी शिजवायला साळूबाई होती. तिची नात राजनंदिनी चौथीत होती. बाप नव्हता, आई तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडाईला जायची आणि महिन्याकाठी एकदा यायची. पोर आजीजवळ राहायची. फार बोलायची नाही, अभ्यासातही बेताचीच. पण कासव हातात आलं की तिची मान वर व्हायची नाही. जोगमळ्याच्या माळावर ओळीनं पवनचक्क्या उभ्या होत्या. तिनं त्यातली एक काढायला घेतली. उभा दांडा निघाला. तीन पाती निघाली. दीपमाला म्हणाली, "झालं की गं, छान आली."

"न्हाई मॅडम. ती फिरती की," राजनंदिनी म्हणाली. "ही हुबीच हाय."

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दुसरीतल्या एकाचा धक्का लागून एक लॅपटॉप बाकावरून पडला. चालू राहिला, पण कोपऱ्याची रबराची पट्टी उचकटली. उमाबाईंनी तो हातात घेऊन उचकटलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. जतची ती खिडकी आणि वाकलेला गज त्यांना जसाच्या तसा दिसला. पोरगं रडायला लागलं, तिकडं त्यांचं लक्षही गेलं नाही.

"बास. आता नाही," त्या म्हणाल्या. "मेच्या एकतीसला मी जाणार. सात महिने राहिलेत. माझ्यामागं काय करायचं ते करा."

"बाई, नुसती पट्टी निघालीय. चिकटवते मी."

"चिकटवलेली दिसते, दीपमाला."

कपाट बंद झालं. जानेवारीत दीपमाला एकदा म्हणाली, "निदान महिन्यातून एकदा चार्ज तरी करूया, बाई. बॅटऱ्या मरतात तशाच ठेवल्या की." उमाबाई म्हणाल्या, "बंद वस्तू कशी मरेल? चालवली की झिजते." त्यांचा खरोखरच तसा समज होता. घरातलं मिक्सरचं एक नवं भांडं सतरा वर्षं तसंच होतं, चकचकीत.

आणि त्याच सुमारास राजनंदिनीनं वहीत लिहायला सुरुवात केली.

शंभर पानी रेघी वही, मागच्या बाजूनं. लॅपटॉप नव्हता, पण हुकूम तिला पाठ होते. पुढे दीडशे. मग पाती: पुढे साठ, मागे साठ, उजवीकडे एकशेवीस, असं तीनदा. मग ती पाती पुसायची. मग दहा अंश वळायचं. मग परत तीच तीन पाती. मग परत पुसायची. असं छत्तीसदा केलं की पवनचक्की एक पुरी फेरी घेईल, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. दुपारच्या सुट्टीत ती मैदानात जाऊन स्वतःच कासव व्हायची. वहीत बघून साठ पावलं पुढं, साठ मागं, वळायचं. पायानं धुळीत रेघ उमटायची. पोरं ओरडायची, "ए कासवे! पोचलीस का गं?" ती पावलं मोजत राहायची. धुळीत तीन पाती नीट उमटली. पण धूळ फिरत नव्हती.

एक दिवस ती वही घेऊन उमाबाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, यकदाच चालवून बघू द्या की. फिरतंय का न्हाई, येवढंच."

"काय आहे हे?"

"हुकूम हायती. कासवाचं."

"वार्षिक परीक्षा आलीय. भागाकार येतो का तुला?"

"छत्तीस धाई तीनशे साठ येतं," पोर म्हणाली.

"ते भागाकार नव्हे, गुणाकार," उमाबाई म्हणाल्या, आणि वही परत केली.

साळूबाईनंही एकदा तोंड उघडलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आवं बाई, पोरगी झोपंत बी पावलं मोजती. तुमच्या कपाटात हाय न्हवं ते? यकदा दावा की. मी बसते हितं राखणीला, मग तर झालं?"

"साळूबाई, खिचडीचा हिशेब तुझ्याकडं, कपाटाचा माझ्याकडं."

"व्हय तर. पर खिचडी मी पोरास्नी खायला घालते," साळूबाई म्हणाली. "कुलूप लावून ठिवत न्हाई."

दोन दिवस उमाबाईंनी साळूबाईच्या हातचा चहा घेतला नाही.

मार्चच्या शेवटी वरद आला. संस्था सगळ्या शाळांतले लॅपटॉप तपासून नवं सॉफ्टवेअर घालत होती. उमाबाईंनी कपाट उघडलं, तसा डांबरगोळ्यांचा भपकारा आला. वरती पत्रा तापलेला, कपाट हाताला गरम लागत होतं. त्यांनी पहिलं गाठोडं सोडलं आणि टेबलावर ठेवलं. लॅपटॉप टेबलावर सपाट बसेना, डुगडुगत राहिला.

वरदनं तो उलटा केला. खालचं झाकण मधोमध फुगून वर आलं होतं, गादीत जास्त कापूस भरावा तसं. त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. वीसपैकी चौदा फुगलेले. उरलेले सहा दिसायला बरे, पण चार्जर लावूनही उजेड पडेना.

"किती दिवस बंद होते?" त्यानं विचारलं.

"दिवाळीपासून," दीपमाला म्हणाली. तिनं उमाबाईंकडं पाहिलं नाही.

वरदनं एका लॅपटॉपचे स्क्रू काढले, फुगलेली बॅटरी जपून बाजूला केली आणि नुसत्या चार्जरवर बटण दाबलं. पडदा उजळला. कासव मध्यभागी येऊन उभं राहिलं. दाराशी खिचडीची ताटं घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी एकदम आवाज केला. राजनंदिनी वही आणायला वर्गाकडं पळाली.

"बघा, आत सगळं ठणठणीत आहे," वरद म्हणाला. "बॅटऱ्या मेल्यात फक्त. ही बॅटरी बनवणं कंपनीनं बंद केलंय, नवी मिळणार नाही. पण बॅटरी काढून टाकली की प्लगवर चालतील. पंधरा-सोळा तरी नक्की चालतील. आज संध्याकाळपर्यंत मी करून देतो."

"काढलेल्या बॅटऱ्या कुठं दाखवायच्या?" उमाबाईंनी विचारलं.

"दाखवायच्या म्हणजे? मी घेऊन जातो. अशा फुगलेल्या ठेवायच्याच नसतात, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पेट घेतात कधीकधी."

"रजिस्टरला बॅटरीसह वीस नग आहेत."

"मग लिहा ना, की खराब झाल्या म्हणून काढल्या."

"का खराब झाल्या, असं विचारतील." उमाबाईंचा आवाज बारीक झाला. "वरद, दोन महिने राहिलेत माझे. एकतीस मेला मला कागद हातात घेऊन घरी जायचंय. चौतीस वर्षं झाली. मला परत कुणासमोर खुलासा लिहायचा नाही."

"पण बाई, तुम्ही काही चोरलं नाही, फोडलं नाही…"

"टीव्हीही मी चोरला नव्हता."

वरदला त्या टीव्हीची गोष्ट ठाऊक नव्हती. दीपमालाला होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"ती बॅटरी परत बसव," उमाबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या कागदावर तपासणी झाली, एवढंच लिही."

वरदनं फुगलेली बॅटरी होती तशी आत ठेवली, झाकण दाबून धरलं आणि स्क्रू पिळले. पडदा विझलेला होता. राजनंदिनी वही घेऊन धावत दाराशी आली तेव्हा उमाबाई साडीच्या तुकड्याला गाठ मारत होत्या.

जाताना वरद दीपमालाला फाटकाशी म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी काही बोला."

"काय बोलू? उद्या मलाच शाळेचा चार्ज घ्यायचाय त्यांच्याकडून," दीपमाला म्हणाली.

एप्रिल-मे उमाबाईंनी जीव मुठीत धरून काढले. दर दोन दिवसांनी कपाट बाहेरून चाचपून बघत. सुट्टी लागल्यावरही आठवड्यातून एकदा कवठ्याचा प्रवास करून येत, कुलूप उघडून वास घेत, परत लावत. एकदा त्यांनी ओल्या पोत्यानं कपाट झाकलं. नारायणराव म्हणाले, "अगं, आता तरी घरी बस. काय पुरलंयस तिथं?" या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. उमाबाई कुकर बघायला आत गेल्या. नवऱ्यालासुद्धा त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. घरात जपणारी म्हणून त्यांची ख्याती होती. जपूनच मारलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

एकतीस मेला सकाळी दोघी शाळेत आल्या. उमाबाई इस्त्रीची साडी नेसल्या होत्या, दीपमालानं मुलीला शेजारी ठेवून पहिली गाडी गाठली होती. रजिस्टर उघडलं. खुर्च्या, टेबलं, घंटा, पृथ्वीचा गोल, तराजू, पातेली, सगळं एकेक करून मोजलं. साळूबाईनं पातेली मांडून दाखवली आणि ती मागं पिंपळाखाली जाऊन बसली. राजनंदिनी तिच्याबरोबर आली होती. जूनमध्ये तिला फलटणला मामाकडं पाठवायचं ठरलं होतं, पुढच्या शाळेसाठी. त्या पोरीच्या काखेत वही होती.

शेवटी कपाट राहिलं. उमाबाईंनी गाठोडी बाहेर काढली. एकोणीस, वीस. नंबर जुळले. गाठोडी आता गोलसर दिसत होती. शेऱ्याच्या रकान्याशी पेन थांबलं.

"काय लिहायचं?" दीपमालानं विचारलं.

"सुस्थितीत."

"बाई."

"वीस आहेत ना? नंबर बरोबर आहेत ना?"

"आहेत. पण मला माहितीय, तुम्हाला माहितीय. उद्या कुणी उघडून बघितलं तर खुलासा मी लिहिणार."

उमाबाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला, परत घातला. "मी तुझ्या पाया पडू का, दीपमाला?" त्या म्हणाल्या. अगदी सरळ, भाजीचा भाव विचारावा तशा. "पडते. पण माझा कागद अडवू नकोस. परत साहेबासमोर उभं राहायला मला बळ नाही."

दीपमाला रजिस्टराकडं बघत राहिली. तिनंही आपलं गणित मांडलं असणार. सही नाही केली तर चौकशी लागेल, आणि चौकशी लागलेल्या शाळेतून कुणाची बदली होत नाही. तिला तासगावला बदली हवी होती. नवरा सीमेवर, पोर शेजाऱ्यांकडं. सही केली तर दोन वर्षांत ती जाईल आणि हे वीस नग तिसऱ्या कुणाच्या तरी हाती मोजून देईल. तो चौथ्याला देईल. कुणी उघडलं नाही, तर कुणालाच काही होणार नाही.

तिनं लिहिलं. सुस्थितीत. खाली सही केली, तारीख घातली. उमाबाईंनी किल्ली पर्समधून काढून तिच्या हातात ठेवली. कागदाची एक प्रत घडी करून आपल्या पर्समध्ये घातली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत मागं टेकून बसल्या.

तेव्हा दाराशी राजनंदिनी आली.

"मॅडम, आता किल्ली तुमच्याकडं आली न्हवं?" ती म्हणाली. "यकदाच. फिरतंय का बघते आन् जाते. परवा मी फलटणला चाल्लीय."

दीपमालानं किल्ली मुठीत धरली. उमाबाईंना काय झालं कोण जाणे. डोक्यावरचं ओझं उतरल्यावर माणूस मोकळं होतं, तसं झालं असेल. त्या म्हणाल्या, "दाखव की गं तिला. वरदनं केलं होतं तसं बॅटरी काढून. पाच मिनिटांचं काम."

दीपमालानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचं मॅडमपण कुठल्या कुठं गेलं होतं.

"आता सही माझी आहे, बाई," ती म्हणाली.

मग ती उठली, गाठोडी एकेक करून कपाटात रचली, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. "शाळा उघडल्यावर बघू," ती पोरीला म्हणाली. शाळा उघडेल तेव्हा राजनंदिनी या शाळेत नसेल, हे तिघींनाही माहीत होतं. उमाबाईंनी तो स्वर ओळखला. चौदा वर्षं तो त्यांच्याच तोंडात होता.

बाराच्या उन्हात उमाबाई फाट्यावर वडापची वाट बघत उभ्या राहिल्या. निरोप नव्हता, नारळ नव्हता. सुट्टीत शाळा सुनी होती. माळावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. मागून चपलांचा आवाज आला. राजनंदिनी पळत आली होती, घामेजलेली.

"बाई, तुमी तरी सांगा," तिनं वही पुढं केली. "वाचून सांगा, बरोबर यतंय का. चालवायला नगं. नुसतं सांगा."

उमाबाईंनी वही घेतली. चार पानं भरून बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. पुढे साठ, मागे साठ, उजवीकडे एकशेवीस. पुसा. उजवीकडे दहा. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचलं, बोट लावून. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या. परत मागं गेल्या. दांड्यापासून पाती कशी निघतात, पुसलं की दांडाही पुसला जातो का राहतो, त्यांना काही उलगडेना. चौतीस वर्षं त्यांनी चूक की बरोबर हेच सांगितलं होतं, लाल शाईनं, हजारो वह्यांवर. दोन वर्षं ते कासव त्यांच्यापासून चार हातांवर चालत होतं.

"बरोबर असेल," त्या म्हणाल्या.

"आसंल?" पोरीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "म्हंजी तुमास्नी म्हाईत न्हाई?"

जीप आली. जीपच्या क्लीनरनं आतून हाक दिली, "चला बाई, जागा हाय म्होरं." राजनंदिनीनं वही त्यांच्या हातातून काढून घेतली, काखेत मारली आणि ती शाळेच्या वाटेला न लागता माळाकडं चालू लागली. उमाबाई जीपमध्ये चढल्या. पर्स मांडीवर घेतली, आतला कागद चाचपला. तो होता.